तळाला नाव

भांडी बाजारात एकतीस वर्षं मी नावं घालतो.
तांब्यावर, परातीवर, आहेराच्या डब्यांवर,
'चि. सौ. कां.'पासून 'कै.'पर्यंत,
ठिपक्या-ठिपक्यांनी, वळण न मोडता.
मालकी काय असते ते मला शिकवू नका.

हर्षाली, माझ्या भावाची मुलगी,
मागच्या पौषात दुकानाच्या पायरीवर बसली
आणि फोन धरून राहिली समोरच्या बोळाकडे,
जिथे दत्तूशेठ करडे अजून हंडा ठोकतात.
ठण्ण, ठण्ण, मग हलका, मग तिरका,
मग हंडा फिरवताना श्वासाएवढी रिकामी जागा.
चार मिनिटं. त्यात माझ्या मशीनची टर्रर्र, एक रिक्षा,
आणि कुणीतरी म्हणालेलं, "अहो, सुट्टे द्या."

तिनं ते चढवलं. चढायच्या आतच उतरलं.
पाटी आली: हा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

दत्तूशेठना वाचून दाखवलं.
त्यांचा एक कान हातोडीनं कधीच खाल्लाय.
दोनदा विचारलं त्यांनी, "कुणाच्या?"
मग आठवलं,
दोन पोरं आली होती, केसाळ माईक घेऊन,
दिवसभर बसली, चहाही आपलाच प्यायली,
जाताना एक तांब्या नेला, तोसुद्धा घासाघीस करून.
त्या तांब्यावर नाव मीच घातलं होतं.
काय घातलं, ते आता आठवत नाही.

रविवारी हुतात्मा स्मारकापाशी जमलो.
शंभर येणार होते. पस्तीस आले, त्यातले दोन बघे.
हवालदारानं वही काढली, "मोर्चा कुणावर?"
"गाळणीवर," हर्षाली म्हणाली.
त्यानं लिहिलं: पाणीपुरवठा.

चाळण्या मी विकतो. रव्याची, मैद्याची.
चाळणीला जाड-बारीक एवढंच कळतं,
पीठ कुणाच्या घरचं, ते ती विचारत नाही.
हिला म्हणे सगळं कळतं,
आणि नव्या कायद्यानं तर आधीच कळायला हवं.
पुतळा जाळावा तर हिला तोंड नाही,
निवेदन द्यावं तर टेबल नाही.

क्षेमकल्याणी बाई संस्कृत शिकवायच्या.
त्यांनी स्वतः म्हटलेलं स्तोत्र अडकलं
कुठल्याशा कॅसेटशी जुळतं म्हणून.
"माझ्या घशात म्हणे दुसरीच बाई गाते,"
त्या माईकवर म्हणाल्या, आणि नकळत खाकरल्या.

मग अंबादास पगारे पुढे आले, बोलवलं नसताना.
"माझी अकरा गाणी या जिल्ह्यातल्या प्रत्येक हळदीत वाजतात.
एकावरही माझं नाव नाही, एक रुपया नाही.
येऊ द्या तुमचा तो कायदा."
घोषणा सुपारीसारखी घशात अडकली.
कुणाला काही सुचेना. मी त्यांना अर्धा चहा दिला.
ते गेले नाहीत. उन्हात आमच्यातच उभे राहिले,
जरासे बाजूला.

शेवटी दत्तूशेठनी हंडा मांडीशी घेतला.
ठण्ण.
पस्तीस फोन वर झाले,
त्यातलं काही टिकणार नाही हे ठाऊक असून.
पगाऱ्यांचा पाय ठेका धरत होता,
त्यांचं त्यांना कळलं नसावं.

वणीहून एक बाई यायची माझ्याकडे.
लेकीच्या लग्नाची सगळी भांडी घेतली आणि म्हणाली,
"नाव घाला, पण तळाला.
पिणाऱ्याला आधी पाणी दिसू दे."
तेव्हा मला वाटलं, पैसे कमी करून मागतेय.

पांगापांग झाली तसा हवालदार आला,
पिशवीतून जेवणाचा डबा काढला.
"घालता का नाव? चौकीत कुणीही उचलतं हो."
वाघचौरे. चार अक्षरं.
मी बॅटरीला मशीन लावलं. टर्रर्र.
हर्षालीनं सवयीनं फोन उचलला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि परत पर्समध्ये ठेवला.
मी डबा उलटा केला.